इन्साडोंगमधला शनिवार

मी नाशिक सोडलं तेव्हा बाबा टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मुंबई येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आईने मात्र कसारा घाटापासून सूचना चालू केल्या होत्या. विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. आणि नाही जमलं तर परत ये, लाज बाळगू नकोस."

जमलं. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये मोबाइल फोनचं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, मग समीरशी लग्न, मग मॉर्गेज. चार वर्षांनी, जानेवारीत, बाबा अचानक गेले. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेला होता. तो हातात पडून मी नाशिकला पोचले, तोवर तेरावा होऊन गेला होता. तुमच्यापैकी जे बाहेर आलात त्यांना हे समजावून सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना कितीही सांगितलं तरी, "तरी पण पोटची मुलगी..." हे वाक्य अर्धवट राहतंच.

पुढच्या वर्षी मी आईला सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं. तिने कायमचं माझ्याकडेच राहावं असं माझं चाललं होतं. मी विषय काढला की ती "बघू" म्हणायची आणि हीटिंग बंद करून दोन स्वेटर चढवायची. त्यातच मला ऑफिसने दहा दिवसांसाठी सोलला पाठवायचं ठरवलं. आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, आणि फळ्यावर खडूने कोरिया काढला होता तो कितीदा! ती म्हणाली, "मी येते." दोन भारतीय पासपोर्ट, दोन व्हिसा, कागदांच्या दोन फाइली. मी तेव्हापासूनच वैतागलेली होते.

सुट्टीचा एकच शनिवार मिळाला. हॉटेलमधल्या मुलीने इन्साडोंग सुचवलं: जुन्या वस्तूंची दुकानं, चहाघरं, जवळच राजवाडा आणि बौद्ध मंदिर. गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आणि आईला प्रत्येक गोष्ट नाशिकसारखी वाटत होती. पितळी भांड्यांचं दुकान दिसलं, "अगदी आपला भांडी बाजार." दोन मुलं मधाच्या गोळ्याचे ओढून ओढून केसासारखे तंतू करत होती आणि तालावर काहीतरी म्हणत होती. लोक थक्क होऊन बघत होते. आई मोठ्याने म्हणाली, "ही तर सोनपापडी!"

"आई, इतक्या लांब येऊन नाशिकच बघायचं होतं तर इथे कशाला आलो?"

"अगं, ओळखीचं दिसलं की बरं वाटतं."

मोज्यांच्या गाडीवर तिने सोसायटीतल्या प्रत्येक बाईसाठी मोजे निवडले. विक्रेत्या बाईशी ती मराठीत घासाघीस करत होती, ती बाई कोरियनमध्ये उत्तर देत होती आणि दोघींचं छान चाललं होतं. पिशव्या माझ्या हातात. राजवाड्यात आईने प्रत्येक पाटी वाचली, अगदी अग्निशमनाचीसुद्धा. माझे पाय बोलायला लागले होते. सोमवारी प्रेझेंटेशन होतं.

परत येताना तिला एका छोट्या दुकानात एक म्हातारा दिसला. तो दगडाच्या छोट्या ठोकळ्यांवर लोकांची नावं कोरियन अक्षरांत कोरून सहीच्या जागी उठवायचे शिक्के बनवत होता. आईने पेन काढलं आणि कागदावर इंग्रजीत तीन नावं लिहिली. तिचं, सुमती. माझं, वृंदा. आणि श्रीधर.

"बाबांचा कशाला?" मी म्हटलं. "ते सही करणार आहेत का आता?"

"नाव तर आहे की त्यांचं."

आणि माझा तोल गेला. "पुरे, आई! तिकडे तू सगळ्या घराचं म्युझियम करून ठेवलंयस. त्यांचा चष्मा, त्यांचं वर्तमानपत्र. माणूस गेलाय, हे कधी मान्य करणार आहेस?"

आईने पेनाचं टोपण लावलं. ती दुकानाबाहेर गेली. ती दारात उभी असेल असं मला वाटलं. मी म्हाताऱ्याला खुणेने सॉरी म्हणून बाहेर आले, तर आई नव्हती.

तिचा फोन हॉटेलवर होता. हॉटेलचं नाव तिला येत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी ती गल्ली तीनदा पालथी घातली, मोजेवालीला विचारलं, हातवाऱ्यांनी साडी, अंबाडा, चष्मा सगळं करून दाखवलं. तासभराने मंदिरात शिरले. आत म्हाताऱ्या बायका उशांवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे खांबाला टेकून आई.

"कुठे होतीस तू?" मी ओरडलेच. एका आजींनी ओठांवर बोट ठेवलं. आईने सरकून मला जागा दिली.

"बस. इथे कुणी मराठीत बोलत नाही, जरा बरं वाटलं."

मी बसले. ती हळू आवाजात म्हणाली, "तू आलीस, चार दिवस राहिलीस, बँकेची कामं केलीस, माझे कागद फाइलला लावलेस. माझ्यासमोर एकदाही रडली नाहीस. मला वाटलं, हिला सवड नाही."

"मला वाटलं, मी रडले तर तू म्हणशील, आता कशाला? यायचं तेव्हा आली नाहीस."

"वेडी आहेस," आई म्हणाली. मग तिने एका दमात सांगून टाकलं, "मी तुझ्याकडे कायमची राहणार नाही. सहा महिने लेकीचं घर फार गोड लागतं. सातव्या महिन्यात मी तुझी जबाबदारी होईन. मला माझा दरवाजा माझ्या हाताने उघडायचाय, अजून उघडता येतोय तोवर."

वाद घालायला मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. दीड वर्षाचं होतं, थांबेना. शेजारच्या आजींनी माझ्या हातात एक संत्रं ठेवलं. आईने ते सोलून निम्मं मला दिलं. मग म्हणाली, "तो शिक्केवाला दुकान बंद करेल हं." आम्ही गेलो. त्याने तिन्ही नावं कोरून ठेवली होती.

सहा महिने संपल्यावर आई परत गेली. पुढच्या दिवाळीत मी तिला चकित करायचं ठरवलं आणि न कळवता नाशिकला गेले. दाराला कुलूप. शेजारच्या जोशीकाकू बाहेर आल्या. "अगं, सुमतीताई शाळेतल्या बायकांबरोबर गंगटोकला गेल्यात. परवा येतील. किल्ली माझ्याकडे आहे."

दोन विमानं आणि एक टॅक्सी करून मी आले होते, आणि ही हिमालयात! कुलूप उघडलं, चहा टाकला, तर साखर सापडेना. मी फोन लावला.

"आधी कळवायला काय झालं होतं?" आई तिकडून ओरडली. मागे वाऱ्याचा आवाज होता. "साखर फ्रीजवरच्या स्टीलच्या डब्यात. आणि गॅस बंद कर नीट."

बेसिंगस्टोकच्या घरात साखर कुठे असते ते मी डोळे मिटून सांगेन. तिथे मी राहते. इथे मला विचारावं लागतं, आणि विचारलं की वैतागून सांगणारं कुणीतरी आहे. मी चहा गाळला आणि ती येईपर्यंत दोन दिवस तिथेच राहिले.