उभं बोट

दोन ओळी. फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या, आणि त्यांनी माझे तीन आठवडे खाल्ले.

आमचा चौघांचा बँड आहे आणि आम्ही ब्लूग्रास वाजवतो. हे सांगितलं की पुण्यातला माणूस आधी ‘बरं’ म्हणतो आणि मग ‘पण का?’ असं विचारतो. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. आमच्याकडे त्यासाठी बँजो आहे, मँडोलिन आहे, माणसाएवढा उभा बास आहे आणि फिडल आहे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, नाव तेवढं वेगळं. स्टेजवर सगळ्यांत मिळून एकच माइक. ज्याची पाळी त्यानं पुढे सरकायचं, वाजवायचं आणि दुसऱ्याला वाट देत मागे व्हायचं. फिडल मी वाजवते, उभ्यानं, हनुवटीखाली धरून. विश्रांतवाडीत राहते, हिंजवडीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात हा उद्योग.

गेल्या वर्षी आमचा पहिला दौरा ठरला. नाशिक, कोल्हापूर आणि शेवटी पुणे. आयोजक बाईंना छोटी पुस्तिका छापायची होती. त्यांनी प्रत्येकाची ‘सांगीतिक पार्श्वभूमी’ दोन-दोन ओळींत मागितली. माझं मराठी त्यातल्या त्यात बरं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

बाकी तिघांचं काहीच अवघड नव्हतं. मँडोलिन वाजवणारे चाचा साठीचे, कसबा पेठेत त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांचे वडील सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. “लिही बेटा, बाप वाजवायचा, मी ऐकायचो. संपलं,” ते म्हणाले. बासवाला मूळ हिंजवडी गावातला. त्याच्या शेतावर आता काचेची इमारत उभी आहे आणि मी तिच्याच शेजारच्या इमारतीत बसते. लहानपणापासून तो देवळातल्या भजनात पखवाज वाजवतो. “ताई, आपलं काय हाय, पखवाज! बास बी तसाच धरून ठेवायचा, कुणाला पळू द्यायचं नाय.” बँजोवाला माझा ऑफिसातला सहकारी. दोन वर्षं कंपनीच्या कामाला अमेरिकेत होता, तिथे शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला अंगणात बसवून बँजो शिकवला. हे सगळं वेड त्यानंच आणलं.

राहिले मी.

मी नऊ वर्षांची असताना आईनं मला कसब्यातल्या एका गुरुजींकडे व्हायोलिनला घातलं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवायचं आणि तासभर नुसता ‘सा’ घासायचा. अकरा वर्षं मी तिथे शिकले. गुरुजींची पहिल्या दिवशीची अट होती, “मी सांगेपर्यंत लोकांपुढे वाजवायचं नाही आणि माझं नाव लावायचं नाही.” सगळ्यांनाच हीच अट. पण बाकीच्यांना ते दोन-चार वर्षांत सांगायचे. दर गुरुपौर्णिमेला कुणाकुणाची पाळी लागायची आणि मी आपली सतरंज्या अंथरायची, तंबोरा धरायची, पेढे वाटायची. माझ्यानंतर आलेल्यांनी वाजवलं. मला मात्र त्यांनी एकदाही बसवलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी कच्ची आहे, एवढंच समजत गेले. विसाव्या वर्षी ‘परीक्षा आहे’ म्हणून जी गेले ती पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

आता सांगा, मी काय लिहायचं? नाव लिहिलं तर अट मोडली, कारण त्यांनी कधी सांगितलंच नाही. नाही लिहिलं तर अकरा वर्षं गिळून टाकली. मला खरंच काही कळेना. मी बँडला विचारलं.

चाचा म्हणाले, “उस्तादाचं नाव नाही घेतलं तर बेइमानी होते बेटा.”

बासवाला म्हणाला, “आधी जाऊन पाया पडून ये ताई, मंग लिही काय लिव्हायचं ते.”

बँजोवाला म्हणाला, “यार, ‘शास्त्रीय संगीताचं शिक्षण’ एवढंच टाक ना. कुणाकडे, हे कोण विचारतंय?”

तिघांचंही मला पटलं, हीच तर पंचाईत! एका शनिवारी मी कसब्यात गेले. गुरुजींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, समोरच्या दुकानातून उगाच पावशेर खोबरं घेतलं आणि परत आले. रात्री जेवायच्या आधी बसून लिहून टाकलं, ‘व्हायोलिन स्वतःच शिकली.’ अट पाळली, अशी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर रागही होता. तुम्ही मला कधी लोकांपुढे बसवलं नाहीत ना, मग नसाच तुम्ही. पुस्तिका छापून आली तेव्हा ते पान मी उघडलंच नाही.

पुस्तिकेवर फोटो माझाच होता. बँजोवाल्यानं मुद्दाम निवडलेला. वाजवताना माझं डाव्या हाताचं पहिलं, म्हणजे अंगठ्याशेजारचं, बोट तारेवरून उठतं आणि ताठ उभं राहतं. सुरावरून सुरावर घसरत जायचं असेल तर मी मधल्या बोटानं जाते, पहिलं आपलं वर. नाशिकला दोन कॉलेजातल्या पोरी येऊन म्हणाल्या, “मॅम, तुमची ती फिंगर स्टाईल काय भारी आहे!” मी नुसती हसले. ती गुरुजींची ढब होती. त्यांचं बोट असंच उभं राहायचं. लहानपणी मी आरशासमोर बसून ते बोट तसं उभं ठेवायचा सराव केलेला. दुखायचं, पण महिनाभरात जमलं. त्यांच्याकडचं एवढं एकच माझ्याजवळ उरलंय असं मला वाटायचं.

पुण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना चाचा खुशीत माझ्याजवळ आले.

“बेटा, तुझे उस्ताद आलेत. माझ्याकडे व्हायोलिनच्या गजाचे केस बदलायला आले होते. मी आपली पुस्तिका दिली त्यांना.”

“चाचा! कशाला?”

“का, फोटो बघून ते अर्धा तास दुकानातून हलले नाहीत. मला काय माहीत कोण! मग त्यांनीच सांगितलं.”

स्टेजवर गेले तर दुसऱ्या रांगेत, बरोबर माइकसमोर, गुरुजी. वाळून काटकी झालेले, पण तीच टोपी, तोच पांढरा शर्ट. मांडीवर पुस्तिका. माझी पाळी आली, मी पुढे सरकले आणि मधल्या बोटानं घसरत वर गेले. ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. फक्त हाताकडे. पूर्ण दीड तास. मी काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही. बासवाला नंतर म्हणाला की मी दोनदा लय सोडून पळाले आणि त्यानं दोनदा धरलं.

कार्यक्रम संपल्यावर मी खाली उतरून पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही आणि पाय मागेही घेतले नाहीत.

“आपण स्वतः शिकलात म्हणे.”

“गुरुजी, तुम्ही सांगितलं नव्हतं म्हणून…”

“मग शिक्षक जरा बरा बघायचा होता. ते हनुवटीखाली काय धरलंय, त्याचं नंतर बघू. बोट दाखव.”

मी डावा हात पुढे केला. त्यांनी आपला डावा हात माझ्या हाताशेजारी धरला.

“वाकव.”

मी पहिलं बोट वाकवलं. ते वाकलं, त्यात काय! त्यांचं वाकलं नाही. ते थरथरलं फक्त, आणि ताठच राहिलं.

“तरुणपणी दारात सापडलं,” ते म्हणाले. “शीर तुटली. मैफिली जातील म्हणून कुणाला सांगितलं नाही. मधल्या बोटानं भागवायला लागलो. लोकांना वाटलं ढब आहे. म्हटलं, असू दे ढब.”

मला आधी कळलंच नाही ते काय सांगतायत. माझं बोट तर चांगलं होतं.

“बाकीचे दुसरीकडून थोडंफार शिकून आलेले असायचे, त्यांची बोटं बसलेली असायची. तू कोरी आलीस. वर्षभरात बघतो तर तुझंही बोट वर.”

“मग मला सांगायचं ना!” मी जवळजवळ ओरडलेच. खुर्च्या गोळा करणारे लोक बघायला लागले.

“काय सांगायचं? बोट खाली ठेव? मग तू विचारलं असतंस, तुमचं का वर. नऊ वर्षांची पोर होतीस, सगळ्या गल्लीत विचारत सुटली असतीस. आणि जाणकारांपुढे तुला बसवलं असतं, तर शेजारी-शेजारी दोन बोटं उभी दिसली असती. एकाची ढब म्हणतात. दोघांची दिसली की लोक नीट बघायला लागतात.”

“अकरा वर्षं मला वाटत होतं मी कच्ची आहे.”

“तू कच्ची नव्हतीस,” गुरुजी म्हणाले. मग त्यांनी पुस्तिकेची घडी केली, खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. “माझं नाव लाव आता. लावायचं असेल तर.”

मी पेन घेऊन उभी. रडावं की भांडावं तेच कळेना. ह्या माणसानं आपली लाज झाकायला माझी अकरा वर्षं पुढे केली होती. आणि हाच माणूस अर्धा तास चाचांच्या दुकानात उभा राहून माझं बोट बघत होता. मी काहीच लिहिलं नाही. पेनही परत द्यायचं राहिलं, ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.

बँडला सगळं सांगितलं तर तिथे वेगळाच गोंधळ. बँजोवाला म्हणाला, “प्लीज, बोट बदलू नकोस, पुढच्या दौऱ्याचे पोस्टर त्याच फोटोचे छापलेत!” चाचा डोळे पुसत बसले. बासवाल्यानं तेवढा खरा प्रश्न विचारला, “ताई, मंग आता बोट वर ठेवणार का खाली?”

मला माहीत नव्हतं. घरी खाली ठेवून वाजवून बघितलं तर सगळं दुसऱ्याच कुणाचं वाजत होतं. वर ठेवलं की डोळ्यांपुढे दार यायचं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा कसब्यात गेले. ह्या वेळी खोबरं घेतलं नाही. गुरुजींनी दार उघडलं, ‘ये’ म्हणाले नाहीत, सतरंजीकडे बोट दाखवलं. मी मांडी घातली. अठरा वर्षांनी गुडघे कुरकुरले. व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं. ते समोर आपलं व्हायोलिन न घेताच बसले.

“मला करून दाखवता येणार नाही,” ते म्हणाले. “सांगतो तसं कर. पहिल्या बोटानं जा.”

मी पहिलं बोट तारेवर ठेवलं आणि निघाले. सूर बेंगरूळ, कापरा, नऊ वर्षांच्या पोरीचा. अर्ध्या वाटेत मधलं बोट आपणहून पुढे आलं आणि पहिलं उठून ताठ उभं राहिलं. ते त्यांनीही बघितलं आणि मीही.

मग गुरुजी पुढे वाकले, आपल्या ताठ बोटानं माझं बोट हलकेच दाबलं आणि म्हणाले, “खाली.”