ओल्या कापसाचं वजन

माझ्या थोरल्या जावेनं माझ्यासाठी नवस बोलला होता, हे मला बरंच उशिरा कळलं. कॅन्सरच्या गाठीसकट माझा डावा स्तन काढला त्या दिवशी ती गावातल्या देवीपुढे जाऊन बसली आणि कबूल करून आली, की ही बाई दवाखान्यातून परत आली आणि हिच्या अंगावर मांस चढलं, की हिच्या भारोभार गूळ वाटीन.

"मांस चढलं की, असं काहून म्हटलं, बाई?" मी तिला विचारलं. "नुसतं बरी झाली की म्हटलं असतं."

"बरी झाली हे कोणाले दिसते? वजन तं दिसते," ती म्हणाली.

या उत्तरात खोट काढायला मला जागा सापडली नाही, आणि खोट काढायची तर मला भारी हौस. 'काहून', म्हणजे का, हा शब्द लहानपणापासून माझ्या तोंडात बसलेला. माहेरी त्यासाठी बोलणी खाल्ली, सासरी आल्यावर नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकून घेतलं. घाटंजीपासून थोडं आत आमचं गाव आहे. वावरात कापूस, सोयाबीन आणि तूर. अंगण एकच, त्यात दोन घरं, एक आमचं आणि एक जावेचं. थोरले दीर गेल्यापासून ती जेवायला आमच्यातच असते आणि भाजीत काय कमी आहे ते सांगायला कधी विसरत नाही.

नागपूरच्या दवाखान्यात मी इतके प्रश्न विचारले की नर्स मला पाहूनच हसायला लागायच्या. केमोचं एक औषध सरबतासारखं लालभडक होतं. ते लाल काहून, लघवीही लाल काहून होते, डोक्याचे केस आधी जातात आणि भुवया मागून काहून जातात. उत्तरं मिळायची, कधी घाईत, कधी नीट. आजारपणात माणसाच्या हातात फारसं काही राहत नाही. विचारणं तेवढं राहतं, म्हणून मी विचारत होते. केमो झालं, रेडिएशन झालं, आणि मग दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षभर, असं ठरलं. ते सुरू करायच्या आधी हृदयाची एक सोनोग्राफी करायला लावली. तिला तिथं इको म्हणतात.

"गाठ छातीत होती, काळजाचा फोटो कायले?" नवरा म्हणाला.

हा प्रश्न खरं म्हणजे माझा होता. त्यानं तो आधी विचारला म्हणून मला जरा रागच आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही औषधं काही जणींच्या हृदयाला त्रास देतात, म्हणून मधूनमधून पाहत राहायचं. दम लागला, पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा. त्रास म्हणजे नेमका कसा, हे मला विचारायचं होतं, पण पुढचा नंबर पुकारला गेला आणि आम्ही उठलो.

इंजेक्शनं सुरू झाली. केस परत आले, आधी कुरळे आणि मग नेहमीसारखे. डाव्या बाजूला मी आमच्याच वावरातल्या कापसाची छोटी उशी शिवून झंपरात बसवली. हिवाळा लागला आणि वेचणीचे दिवस आले. जड उचलायचं नाही म्हणून मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून राहायची आणि हाताला येईल तेवढी बोंडं वेचायची. धुरा चढताना धाप लागत होती. झोपताना एक उशी पुरेना, दोन लागायला लागल्या. एवढं विष अंगात गेलं, अशक्तपणा राहणारच, असं सगळे म्हणायचे, आणि तेव्हा मीही तेच म्हणत होते. त्यातच साडीच्या निऱ्या नीट बसेनात, जोडवी बोटात रुतायला लागली. जाऊ रोज माझ्याकडे डोळे भरून पाहायची.

"चढलं बरं मांस," एक दिवस ती म्हणाली. "आता गूळ आणतो."

गुळाच्या भेली आल्या. पूर्वी देवळात भारोभार तोलायला मोठा तराजू होता, तो गंजून कधीच मोडीत गेला. म्हणून आमचा कापूस मोजायचा काटा काढला. हा हुकाचा, आकडे दाखवणारा काटा. अंगणातल्या निंबाच्या फांदीला तो टांगायचा आणि खाली कापसाचं गाठोडं अडकवायचं. जावेनं नवीन चादरीची झोळी केली, दोन बायांनी मला उचलून तिच्यात बसवलं आणि मी निंबाखाली लोंबकळायला लागले. वेचणाऱ्या बाया हसून हसून लोटपोट झाल्या. एवढा भारी बोजा आमच्या वावरात कधी निघाला नाही, असं एक जण म्हणाली. मीही हसत होते, पण झोळीत पाय दुमडून बसल्यामुळे श्वास पुरत नव्हता.

काट्यानं आकडा दाखवला. मागच्या इंजेक्शनच्या वेळी दवाखान्यात झालं होतं त्यापेक्षा माझं वजन पाच-सहा किलो जास्त होतं. जावेनं देवळाच्या दिशेनं हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

आता आमच्याकडे काट्यावर कोणाचाच विश्वास नसतो. कापूस विकताना मापात फसलेले सगळेच, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत की पहिला संशय काट्यावर. तिथंच वाद सुरू झाला. कोणी म्हणालं दवाखान्याचा काटा मारलेला असन, कोणी म्हणालं झोळीचं वजन धरलं गेलं. नवऱ्यानं घरातून सरकारी छापाचं लोखंडी वजन आणलं. व्यापारी आला की आधी तेच लटकवून काटा तपासायची आमची पद्धत आहे. काटा बरोबर निघाला. झोळीही वेगळी तोलली, ती नावापुरती भरली.

"म्हणजे वजन खरंच वाढलं," नवरा खूश होऊन म्हणाला. गूळ फोडला आणि घरोघरी गेला.

मला मात्र ते पाच-सहा किलो डोक्यातून जाईनात. मी अर्ध्या भाकरीवर हात धूत होते. भूकच लागत नव्हती. खाल्लंच नाही तर मांस आलं कुठून? काटा खोटा असता तर मला बरं वाटलं असतं. खऱ्या काट्यानं माझी पंचाईत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया वेचायला आल्या तेव्हा वावरात दहिवर पडलेलं होतं. नवरा त्यांना धुऱ्यावरूनच ओरडून सांगत होता, "ऊन पडू द्या, मंग वेचा. ओला कापूस नोको." हे तो दरवर्षी, रोज सकाळी सांगतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. दहिवरात वेचलेला कापूस काट्यावर भारी भरतो आणि दुपारी वाळला की हलका होतो. वाढलेलं ते वजन कापसाचं नसतंच, पाण्याचं असतं.

मी धुऱ्यावर बसले होते. साडी जरा वर करून पायाकडे पाहिलं. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला. मी वाट पाहिली, तो भरेना. दुसऱ्या पायावर करून पाहिलं, तिथंही तसाच. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते असं, की सापडलं. कालपासून छळणारं कोडं सुटलं म्हणून मी क्षणभर चक्क खूश झाले, आणि मग उठून घराची वाट धरली.

घरी येऊन दवाखान्याला फोन केला. त्यांनी सांगितलं, उद्याच या. जाऊ दारात उभी राहून ऐकत होती.

"काल तं सगळं झालं. आता कायले उकरून काढतं?" ती म्हणाली.

"बाई, हे मांस नाही. पाणी हाये."

"देवीनं देलं थे तू पाणी म्हणतं?" तिचा आवाज फाटला. ती आत निघून गेली आणि त्या दिवशी आमच्यात जेवायला आली नाही. मला तिचा राग आला नाही, वाईट वाटलं. तिच्या नवसाला मीच पाणी म्हटलं होतं.

इको झाला. हृदयाचा जोर कमी झाला होता, ते रक्त पुरेसं ढकलत नव्हतं, म्हणून अंगात पाणी साचत होतं. पुढचं इंजेक्शन थांबवलं. पाणी काढायची गोळी आणि हृदयाच्या आणखी दोन-तीन गोळ्या दिल्या. हृदयाचे डॉक्टर तरुण होते आणि सुदैवानं त्यांच्या दाराशी रांग नव्हती. स्तनाच्या औषधाला काळजाशी काय करायचं होतं, हे मी शेवटी विचारून घेतलं. ते म्हणाले, तुमच्या प्रकारच्या गाठीच्या पेशींवर एक खूण असते. इंजेक्शन ती खूण शोधतं आणि तिथं जाऊन बसतं. तशीच खूण थोडी हृदयाच्या पेशींवरही असते. औषधाला खूण कळते, घर कोणाचं ते कळत नाही. शिवाय ते लाल औषध आधी होऊन गेलेलं आणि रेडिएशन डाव्या बाजूला, म्हणजे हृदयावर भार पडलेलाच होता.

ऐकून मला एकीकडे धडकी भरली आणि दुसरीकडे वाटलं, काय रचना आहे. येताना एसटीत मी नवऱ्याला ते सगळं पुन्हा समजावून सांगत होते. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"तुले हे सांगताना मजा येऊन राह्यली का?" त्यानं विचारलं.

"थोडी येऊन राह्यली," मी म्हटलं. दोघांच्याही मनात मात्र एकच होतं. इंजेक्शन बंद, म्हणजे गाठीला वाट मोकळी. आणि चालू केलं, तर काळीज बसायचं.

रोज सकाळी वजन करायला आणि मीठ सोडायला सांगितलं होतं. आमच्याकडे माणसाचा काटा नाही. मी नवऱ्याला हाक मारली तर जाऊ आली, परवा रुसलेली तीच. तिनं काटा टांगला, झोळी बांधली आणि मला बसवलं. आकडा उतरत होता. काही दिवसांतच पाच-सहा किलो गेले आणि मी पुन्हा काटकुळी दिसायला लागले. गावात बाया म्हणायच्या, गूळ वाटला अन् बाई वाळली. जाऊ त्यांच्या अंगावर जायची. ज्या काट्याचा आकडा वाढला म्हणून ती रडली होती, तोच पावभर उतरला की आता तिचं तोंड उजळायचं. एरवी मिठाशिवाय जिचा घास उतरत नाही, ती माझी बिनमिठाची भाजी आधी स्वतः चाखायची आणि तोंड वाकडं न करता 'चांगली झाली' म्हणायची. हे साफ खोटं होतं.

काही महिन्यांनी पुन्हा इको होता. या वेळी जाऊही सोबत आली. मी कुशीवर पडल्यावर पडदा माझ्याकडे वळवायला सांगितला. करड्या धुक्यात एक पिशवी आवळत होती, सुटत होती, आणि आत दोन पातळ झडपा फडफडत होत्या. मी काही करत नव्हते, नुसती पडून होते, आणि ते आपलं चाललं होतं. मला त्याच्याविषयी एकदम माया दाटून आली.

मग आम्ही तिघं कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्या म्हणाल्या, हृदय बरंच सावरलंय, पूर्वीइतकं नाही. राहिलेली इंजेक्शनं देता येतील, हृदयाच्या गोळ्या चालू ठेवून आणि सारखं लक्ष ठेवून. पण ते पुन्हा दमणार नाही अशी हमी नाही. तुम्ही ठरवा.

"नोको आता," नवरा लगेच म्हणाला. "झालं तेवढं बस झालं. मले हे घरात चालतीबोलती पायजे."

"अन् गाठ वापस आली तं?" जाऊ त्याला म्हणाली. तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, घेतलं तर काळीज पुन्हा बिघडेल का? आणि नाही घेतलं तर गाठ येईल का?"

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्हींचं नाही."

एवढ्या सगळ्या उपचारांत माझ्या प्रश्नाला हे उत्तर पहिल्यांदा मिळालं, आणि मला चीड यायला हवी होती. आली नाही. उलट मला त्या बाईंवर विश्वास वाटला. त्यांनाही माहीत नव्हतं, नवऱ्याला नव्हतं, देवीला असेल तर ती सांगत नव्हती. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी मी सुई टोचतात तो उजवा हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "द्या." पुढं काय होतं ते मला पाहायचं होतं, आणि ते पाहण्यासाठी मला जगायचं होतं.