सोन्याच्या पट्टीवरचे डाग

केजच्या महिला सहकारी संस्थेत दूध तपासायच्या यंत्रांचे सर्किट बोर्ड जोडले जात. बोर्डाच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पट्टी असे. सुटे भाग जोडून झाले की बोर्ड शुद्ध पाण्यानं धुऊन वाळवायचं काम शिवकन्याचं. नवऱ्यामागं दोन पोरी तिनं यावरच वाढवल्या. तिच्या हातचा बोर्ड लखलखीत निघायचा, आणि तिला त्याचा अभिमान होता.

कागदावर अध्यक्षीणबाई, कारभार मात्र त्यांच्या नवऱ्याचा, विठ्ठलरावांचा. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शुद्ध पाण्याचे कॅन त्यांनी बंद केले.

"बोअरच्या पाण्यानं धुवा."

"साहेब, ते पाणी खारं हाय, त्यानं हंडेबी पांढरे पडत्यात," शिवकन्या म्हणाली.

"सांगितलं तेवढं कर."

तिनं केलं.

पावसाळा कोरडाच सरत आला, तेव्हा खोकीच्या खोकी परत आली. पट्ट्या तांबूस, कुठं काळपट. मागोमाग पुण्याहून कंपनीचा माणूस आला. "पाणी कोणतं वापरता?"

"शुद्धच की!" विठ्ठलरावांनी शिवकन्याकडं बोट केलं. "ही बाई हातमोजे काढून काम करती. घाम बघा हिचा. दाखव गं हात."

तिच्या तळव्यांना लहानपणापासून घाम यायचा. सगळ्यांसमोर तिनं हात पुढं केले, आणि भीतीनं ते आणखीच ओले झाले.

"साहेब, मोजे म्या कधी काढले न्हाईत. पाणी बोअरचं..."

"महादेवी," विठ्ठलरावांनी शेजारच्या बाईला विचारलं, "तू बाजूलाच बसतीस. काढती का न्हाई ही मोजे?"

दोघी रोज एका डब्यात जेवायच्या. महादेवीनं मान खाली घातली. "काढती."

शिवकन्याला त्याच दिवशी काढलं. अंबाजोगाईला एका दवाखान्यात ती चादरी धुऊ लागली.

दिवाळीनंतर महादेवी तिथं आली. "तू गेल्यावरबी बोर्ड काळेच पडत राहिले गं. कंपनीनं काम काढून घेतलं. संस्थेला कुलूप लागलं. इथं काही काम मिळंल का?"

"तवा खोटं कावून बोललीस?"

"न्हाई म्हणले असते तर तुझ्याजागी मला काढलं असतं."

शिवकन्यानं मुकादमाला विचारलं. काम मिळालं, पलीकडच्या हौदावर. मधल्या सुट्टीत महादेवी डबा घेऊन जवळ आली, तशी शिवकन्या आपला डबा उचलून उन्हात जाऊन बसली.