साहेबांच्या खांद्यावरचा हात

तुमसरला जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले. बरंच पुढे गेल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं जाता?"

"नाकाडोंगरीला."

"अवं माय! हे गाडी तं बपेऱ्याले जाऊन रायली!"

झाली का पंचाईत! पुन्हा तुमसर, पुन्हा दुसरी जीप. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरून येणाऱ्या ट्रकांची काळी धूळ खात नाकाडोंगरीला उतरले, तेव्हा मनीषा मला बघून आधी हसली आणि मग पाया पडली.

मनीषा माझ्या ऑनलाइन इंग्रजी वर्गातली, धानाची शेती करणाऱ्या घरातली पोर. जंगल सफारीसाठी गाइडची जागा निघाली होती. परीक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या एका साहेबांना इंग्रजीत बोलत जंगल दाखवायचं. जागा मिळाली नाही तर काकाकडे नागपूरला जाऊन दुकानात उभं राहायचं, असं घरी ठरलेलं. गाव सोडायच्या विचारानेच तिचा चेहरा उतरत होता.

संध्याकाळी धानाच्या बांध्यांतून (बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा) तलावापर्यंत फिरून आलो. काय देखणा तो तलाव! मग गरम भात, पोपटाच्या शेंगांची भाजी (पोपट म्हणजे इकडचा वाल) आणि माझी शिकवणी.

"वाघ दिसला की 'व्हेरी व्हेरी सरप्राइज' म्हणायचं नाही. आपण 'आश्चर्याचा धक्का' म्हणतो, 'आश्चर्याची ढकल' म्हणतो का? तसंच तिकडेही शब्दांच्या जोड्या ठरलेल्या. प्लेझंट सरप्राइज. कम्प्लीट शॉक. अटर्ली अमेझ्ड."

मनीषाची आई चुलीपासून म्हणाली, "शॉक तं लाइनीचा लागते न बाई?" आणि लगेच गंभीर झाली. "अन् तो दिसल्यावर बोलाचंच कायले? आमी मोहफुलं वेचाले जातो तं त्याचं नाव बी घेत नाही. बाजूच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, बस."

"आई, परीक्षा आहे ना वं!" मनीषा वैतागली. झोपेपर्यंत ती जोड्या घोकत होती.

सकाळी उघड्या जिप्सीत पुढे साहेब, त्यांच्या मागे मनीषा, तिच्या शेजारी पाहुणी म्हणून मी. पोरीने काय झकास सुरुवात केली! साग, बांबू, मोर, सगळं इंग्रजीत. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला वाघीण बसली होती. साहेब दुसरीकडेच बघत होते.

बोल मनीषा, बोल! मी मनातल्या मनात ओरडत होते. पण तिने तोंड उघडलंच नाही. सरळ साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांच्या! दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट आवळलं, कारण माझ्या तोंडून काहीतरी निघणारच होतं. साहेबांनी मान वळवली आणि त्यांना वाघीण दिसली. तिने आमच्याकडे पाहिलं, पंजा चाटला, पुन्हा पाहिलं आणि सावकाश बांबूत गेली. एवढं सुंदर मी जन्मात काही पाहिलेलं नाही.

मग साहेब वळले. "गाइडने बोलायला हवं. तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत."

संपलं सगळं, मला वाटलं.

मनीषा इंग्रजी विसरून म्हणाली, "सर, मी बोलली असती तं तुमी माह्याकडे पाह्यलं असतं."

साहेबांनी ड्रायव्हरला गाडी फाटकाकडे घ्यायला सांगितली. तिथे उतरल्यावर "कळवू," एवढंच म्हणून ते गेले. मनीषा मला स्टेशनवर सोडायला आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. घोकून घेतलेल्या त्या जोड्यांचा मला भारी राग आला.

गाडी नागपूर सोडून पुढे निघाली होती. दोन्ही बाजूंना आता कापूस दिसत होता, धान मागे राहिलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, घेतलं मले! साहेब म्हणाले, पाहुण्यांना गाडीत बसवतानाच सांगत जा, तो दिसला की मी बोलणार नाही, खांद्यावर हात ठेवीन."

प्लेझंट सरप्राइज, अटर्ली अमेझ्ड, सगळं शिकवणारी मी. एकही जोडी आठवली नाही.

"अगं बाई!" एवढंच म्हणाले, आणि शेजारच्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.