पुस्तिकेवर तारीख नव्हती

गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, वराळ्यातल्या एका कंपनीच्या पहिल्या मजल्यावर लोहगडवाडीच्या एका मुलीवर अन्याय झाला. कंपनीनं केला असता तर मी दुपारपर्यंत पत्रक काढलं असतं. तो मी केला होता.

ती माझ्या शेजारची. किल्ल्याच्या वाटेवर तिच्या आईची टपरी आहे. शनिवार-रविवार पिठलं-भाकरी, भजी आणि ट्रेकर्सची झुंबड. मधले पाच दिवस शुकशुकाट. त्या पाच दिवसांत वेबसाइट बनवायला शिकायचं असं तिनं ठरवलं. त्यासाठी लागणारा तयार सांगाडा, ज्याला फ्रेमवर्क म्हणतात, तो फुकट मिळतो. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. तो शिकायचे धडेही बनवणाऱ्यांनी फुकटच ठेवलेत. पण सगळे इंग्रजीत, आणि टपरीवर नेटवर्क ढगांच्या मर्जीनं.

याचाच मला राग आला. आपल्या पोरांपर्यंत पोचत नाही ते फुकट कसलं? मी त्याच फ्रेमवर्कवर पोटापाण्याचं काम करतो, आणि कॉलेजपासून पत्रकं लिहितोय. तीन आठवडे बसलो, धडे मराठीत आणले, पिवळ्या कव्हरची पुस्तिका छापली. कामशेत, कान्हे, तळेगाव, जिथं पत्रकं वाटायचो तिथंच वाटली. पहिली प्रत तिला.

"इंग्रजीच्या रानात कशाला शिरतीस? ह्यात सगळं हाय," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

कांदा चिरता चिरता तिची आई म्हणाली, "पुस्तक बारीक अन् बोलणं लय मोटं."

पोरगी शिकली. टपरीची वेबसाइट बनवली, आज भजी कसली आहेत तेसुद्धा त्यावर टाकायला लागली. पुस्तिकेची पानं तेलानं पारदर्शक झाली. मग वराळ्याच्या कंपनीत शिकाऊ जागेसाठी परीक्षा निघाली. दोन तासांत एक छोटी वेबसाइट उभी करायची. इंटरनेट बंद; फ्रेमवर्क बनवणाऱ्यांचं मूळ इंग्रजी मार्गदर्शन मात्र प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवलेलं.

कुठला पत्ता टाकला की कुठलं पान उघडायचं, त्याची यादी तिनं पुस्तिकेत होती तशी लिहिली. चालेना. तिनं ओळ खोडली, तीच पुन्हा लिहिली. मग तिसऱ्यांदा. दोन तास संपले.

मला हे कळलं गौरी आल्या त्या दिवशी. मी तावातावानं टपरीवर गेलो, कंपनीविरुद्ध दोन वाक्यं तयार होती. तिनं चहा ठेवला, शेजारी पुस्तिका ठेवली.

"दादा, ह्याच्यावर तारीख कुटं हाय?"

"पत्रकावर तारीख घालत न्हाईत."

"का?"

"उरलेली पुढच्या मोर्चाला चालतात."

ती जराशी हसली. "मंग मी मागच्या मोर्चाला जाऊन आले म्हनायची."

फ्रेमवर्क बदलत राहतं. प्रत्येक नव्या व्हर्जनला नंबर असतो, आणि काही जुन्या रीती नव्यातून काढूनच टाकतात. परीक्षेतल्या नव्या व्हर्जनमधून पत्ते लिहायची ती रीत गेली होती; टपरीची वेबसाइट जुन्यावर होती म्हणून चालली. मूळ धड्याच्या कोपऱ्यात व्हर्जनचा नंबर असतो. छपाईत तो बरा दिसत नव्हता म्हणून मी कापला. हे सगळं मला माहीत होतं. तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

"पण मूळ मार्गदर्शन तितं समोर उघडं व्हतं," मी म्हणालो. "त्यात का न्हाई बघितलंस?"

"तूच म्हनला व्हतास ना, ह्यात सगळं हाय. मला वाटलं, मीच चुकतेय."

आतून तिची आई काहीतरी बोलेल असं वाटलं. तिनं पुढचा कांदा चिरायला घेतला. तेच जास्त लागलं.

पुढची परीक्षा दिवाळीच्या आधी होती. तोवर दर आठवड्याचे मधले पाच दिवस आम्ही टपरीवर बसायचो आणि मूळ मार्गदर्शन वाचायचो. सुरुवात 'या व्हर्जनमध्ये काय बदललं' त्या पानापासून. ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायची. पुस्तिकेतल्या आणखी दोन शिळ्या जागा तिनं काढल्या. मला दिसल्याच नव्हत्या. दुसऱ्या वेळी तिची निवड झाली. आता आठवडाभर ती वराळ्याला असते. शनिवारी मात्र भजी तळते, आणि मी दिसलो की गिऱ्हाइकांसमोर विचारते, "दादा, आजची तारीख काय?"

तिचं निभावलं. पण बाकीच्या प्रती बाहेर आहेत. मी फिरून थोड्या गोळा केल्या, सगळ्या सापडल्या नाहीत. म्हणजे कान्ह्यात नाहीतर तळेगावात कुणीतरी आजही तीच ओळ तिसऱ्यांदा लिहीत असेल आणि स्वतःला मठ्ठ समजत असेल.

म्हणून, पिवळी पुस्तिका तुमच्या घरात असेल तर आत्ता उठा. फेकू नका, पेन घ्या. पहिल्या पानावर, जिथं मी काहीच लिहिलं नाही तिथं, मोठ्या अक्षरात लिहा: जुनं व्हर्जन आहे, आधी मूळ मार्गदर्शन बघा. मगच पुढच्याच्या हातात द्या.