पुढे तू, मागे आम्ही

माझ्या मावशीचे आवाज दोन. माणसांसाठीचा पातळ, दर वाक्याला "हो ना?" जोडणारा: "खुर्च्या जरा सरळ लावू या, हो ना?" कुत्र्यांसाठीचा सपाट आणि एकदाच: "बस." एकदा सभेत तिच्या तोंडून चुकून दुसरा निघाला, तर कुत्र्याबरोबर प्रार्थनाघराचे प्रमुखही खाली बसले.

प्रमुखांना आम्ही घरात माइककाका म्हणतो. समोर माइक नसला तरी ते घसा साफ करतात, हवेत बोटाने टकटक करतात आणि मगच बोलतात. "बंधूंनो आणि भगिनींनो, पाणी मिळेल का?" मी ही नक्कल केली की मावशी "वाईट दिसतं गं" म्हणून तोंडावर हात ठेवायची आणि हाताआडून हसायची.

प्रार्थनाघराच्या मागे लांबट खोली आहे. तिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या मावशीने अकरा वर्षांपूर्वी ती मागून घेतली, फिनेलने तीनदा धुतली, भिंतीला पट्टे अडकवायला हूक ठोकले आणि दृष्टी नसलेल्या माणसांसाठी वाटाडी कुत्री तयार करायला लागली. पैसे नाहीत, नुसती सेवा. पिल्लं पहिलं वर्ष प्रार्थनाघरातल्या कुटुंबांकडे वाढायची. दर शनिवारी त्या कुटुंबांची बैठक. मावशी कोणावर ओरडत नसे. "तुमच्याकडे त्याला सोफ्यावर कोण घेतं, हे मी विचारतच नाहीये. त्याच्या अंगाला सोफ्याचा कापूस आहे, एवढंच म्हणते, हो ना?" समोरचे काका कानापर्यंत लाल.

तिची शिकवण्याची पद्धत पक्की होती. फुटपाथची कड आली की कुत्र्याने बसायचं. मावशी डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, रस्ता मोकळा झाला की हलकेच म्हणायची, "पुढे तू, मागे आम्ही. सांभाळ." आणि मग, "चल." प्रत्येक कडेला, दिवसाला तीस-चाळीस वेळा. तिच्या मते ही प्रार्थना आणि पट्टा, दोन्ही सारखेच गरजेचे.

अशी सात कुत्री तयार झाली. सातही प्रार्थनाघरातल्याच माणसांकडे गेली आणि ती माणसंही कडेला हेच म्हणत. वाईट म्हणावं असं एकदाच घडलं. भूगोलाच्या निवृत्त बाईंना तीन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना मोटरसायकलने उडवलं. कुत्रा वाचला, बाईंचा खुबा मोडला तो मोडलाच. "प्रार्थना म्हणूनच पाऊल टाकलं होतं हो मी," त्या पलंगावरून प्रत्येकाला सांगत होत्या. माइककाकांनी हवेत टकटक केलं आणि म्हणाले, "त्याची इच्छा." तेव्हापासून मावशी दर गुरुवारी बाईंकडे सूप घेऊन जाते, आणि बाई तिला देशांच्या राजधान्या विचारतात.

आठवा कुत्रा मफलर. काळा, गळ्याशी पांढरा. तो पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाकडे जाणार होता. तो माणूस मोठ्या हॉस्पिटलात फोन जोडून देणारा ऑपरेटर. खांबाला धडकला तरी खांबाला म्हणणार, "क्षमा करा, आपण चुकीच्या ठिकाणी लागला आहात." मावशीने त्याला विचारलं, "कडेला प्रार्थना म्हणाल, हो ना?"

"ताई, त्यांचा नंबर मी पुष्कळदा लावून बघितला. रिंग जाते. उचलत नाहीत."

मावशीला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "बरं. तुम्ही नुसतं 'चल' म्हणा." सरावाला ती त्याच्या शेजारून चालायची, तो "चल" म्हणायचा आणि ती सवयीने आपलं आपलं पुटपुटायची. मफलर टकाटक चालायचा.

त्याच दिवसांत एकदा जेवताना मी मावशीची नक्कल करत होते. मान तिरकी, आवाज पातळ: "पुढे तू, मागे आम्ही. सांभाळ." टेबलाखाली झोपलेला मफलर उठला आणि दाराकडे निघाला. त्याची दोरी आजोबांच्या खुर्चीला बांधलेली. आजोबा खुर्चीसकट, हातातल्या वाटीसकट सरकायला लागले. "अरे, मला कुठे नेतोय हा! माझं जेवण व्हायचंय!" आम्ही पोट धरून हसलो. मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बघा, मुकं जनावर, पण श्रद्धा बघा." महिनाभर ती हे शनिवारच्या बैठकीत सांगत होती.

यंदा नवा नियम आला होता. बाहेरच्या परीक्षकाने पास केल्याशिवाय कुत्रा कोणाला द्यायचा नाही. मफलर नापास झाला तर काम बंद करून खोली परत द्यायची, असं माइककाकांनी सभेत ठरवून घेतलं होतं. खोली त्यांना हवीच होती. मावशी म्हणाली, "तो नापास होणारच नाही." एकदाच, सपाट.

परीक्षक बाई बुटक्या, बोलणं मोजून. "आपण त्या दिव्याच्या खांबापाशी थांबा. बोलू नका. खोकूही नका."

ऑपरेटर आणि मफलर कडेला आले. मफलर बसला. ऑपरेटरने कान देऊन रस्ता ऐकला. "चल." मफलर बसूनच. "चल, बाळा." मफलरने मान वळवून मावशीकडे बघितलं. "लाइन व्यस्त आहे वाटतं," ऑपरेटर म्हणाला. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वेळ जात होता. मग मावशीने डोळे मिटले. अकरा वर्षांत कडेला उभं राहून तिने पहिल्यांदाच डोळे मिटले, आणि तिच्या तोंडून निघालं, "पुढे तू, मागे आम्ही. सांभाळ."

मफलर तत्क्षणी उठला आणि निघाला.

उजवीकडून पावाची गाडी येत होती. परीक्षक बाई एवढ्याशा, पण त्यांनी ऑपरेटरला कॉलर धरून मागे खेचलं. गाडीचा आरसा त्याच्या बाहीला घासून गेला. मफलर पट्ट्यासकट मागे ओढला गेला आणि शेपटी हलवत उभा राहिला. त्याच्या हिशेबाने त्याने सगळं बरोबर केलं होतं.

"हा 'चल'वर चालत नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या ओळीवर चालतो. आणि ती ओळ तुम्ही नेहमी रस्ता बघून झाल्यावर म्हणता. म्हणजे ती ऐकली की रस्ता मोकळाच असतो, असं तो शिकलाय. मग बघेल कशाला?"

"अंगणात ढकलगाडी आडवी घातली की बरोबर थांबतो हो," मावशी म्हणाली.

"अंगणात प्रार्थना म्हणता?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"आधीची कुत्री?"

"सात," मावशी म्हणाली. मग तिने खांबाला हात लावला.

परीक्षा बघायला आलेल्या माइककाकांनी या वेळी टकटक केलं नाही. साध्या आवाजात म्हणाले, "खोली तुमच्याकडेच राहू दे. पण त्या सात घरांना कळवायचं नाही. लोकांचा विश्वास जाईल."

"जाऊ दे," मावशी म्हणाली, कुत्र्यांसाठीच्या आवाजात. पण माइककाका उभेच राहिले.

मावशी घरोघर जाऊन सांगत गेली, आणि आठवडाभरात सहा घरांतून सहा पट्टे परत आले; कुत्री तिथेच राहिली. कोणी दारात रडलं, कोणी दारच उघडलं नाही, पट्टा खिडकीतून दिला. एक आजी म्हणाल्या, "उद्यापासून मी घरातच, नाही का?" मावशीला "हो ना" म्हणता आलं नाही.

सातवं घर भूगोलाच्या बाईंचं. मावशीने गुरुवारची वाट बघितली नाही, सूपही नेलं नाही. पलंगाशेजारी उभी राहून तिने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. मी मफलरची दोरी धरून दाराशी होते. बाईंचा म्हातारा कुत्रा पलंगाखाली घोरत होता.

बाई बराच वेळ पांघरुणाची कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मला वाटत होतं, मी प्रार्थना घाईत म्हटली. दूध उतू जाईल म्हणून घाई होती मला. मन नव्हतं त्यात. म्हणून झालं."

"नाही बाई."

"म्हणजे मी नीट म्हटली होती?"

"नीट म्हटली होतीत," मावशी म्हणाली. "अगदी नीट."

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता. आणि गुरुवारी येऊ नकोस."

बाहेर आलो. कोपऱ्यावर कड आली. मफलर बसला. मावशीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. "चल," ती म्हणाली. मफलर बसून राहिला, तिच्या तोंडाकडे बघत. "चल." एक सायकल गेली. पुन्हा रस्ता मोकळा झाला.

"मावशी, मी म्हणू का?"

"तोंड उघडलंस तर बघ."

तिने माझ्या हातून दोरी घेतली, दोनदा मुठीला गुंडाळली आणि ओढली. अकरा वर्षांत कुठल्याच कुत्र्याला तिने ओढलं नव्हतं. मफलर बसल्या बसल्या रस्त्यावर फरफटत गेला, नखं खरवडत, आणि पलीकडच्या कडेपर्यंत तिच्या तोंडावरून त्याने नजर काढली नाही.