जाळीचा आवाज

अमरावतीच्या मैदानाच्या कुंपणाला लागून मी हार गुंफत बसते, तिथूनच तिला पाहते. नाव कधी विचारलं नाही. उंच इतकी, की मोगरा घ्यायला आली तर अर्धी वाकते. इथल्याच एका संघात पगारावर बास्केटबॉल खेळते. पण दोन महिने झाले, तिचा चेंडू रिंगमधून जाईनासा झाला आहे. अकोल्याच्या सामन्यातही असंच झालं, तर संघ तिला घरी अकोटला पाठवणार.

हल्ली चेंडू फेकला की ती पाठ फिरवते आणि नुसतं ऐकते. चेंडू नीट गेला तर जाळी सळ्ळ करते, नाही तर लोखंड ठण्ण वाजतं. ठण्णच जास्त, बाई! आणि शेवटचा चेंडू गेल्याशिवाय ती मैदान सोडत नाही.

"मीठ-मिरच्या ओवाळू का व तुह्यावरून?" मी एकदा म्हटलं.

"माह्यावरून कायले, मावशी? त्या रिंगवरून ओवाळा!"

काल अकोल्याला न्यायला संघाची गाडी आली. फाटकाशी हॉर्नवर हॉर्न, आणि हिचा शेवटचा चेंडू काही जाईना. एक तर कडेवरून हळूच घरंगळून बाहेर पडला. मला राहवेना. मी ओरडले, "गेला व माय, गेला! पळ आता!"

तिनं बॅग उचलली, चार पावलं गेली आणि थांबली.

"जाळी नाही वाजली, मावशी."

बॅग ठेवून ती पुन्हा रेषेवर उभी राहिली. तेवढ्यात हॉर्न बंद झाला. गाडी थांबली की निघून गेली, हे पाहायला माझी मान वळेना. मीही सुई खाली ठेवून जाळीकडे कान लावला.